आईचं रक्त, बाळाची शिदोरी

आठ महिन्यांचं बाळ. अंगानं गुटगुटीत, आईच्या दुधावर वाढलेलं, फारसं कधी आजारी न पडलेलं. सर्दीतापाच्या निमित्तानं डॉक्टर रक्त तपासायला सांगतात आणि हिमोग्लोबिन निघतं साडेआठ. घरातले सगळे चक्रावतात. ‘‘दूध तर पोटभर पितंय, मग रक्त कमी कसं झालं?’’ आजीचा प्रश्न. आई मनातल्या मनात स्वतःलाच दोष द्यायला लागते. बाळाला लोहाचं औषध सुरू होतं. आईचं रक्त मात्र बहुतेक वेळा कुणी तपासत नाही. तपासलं, तर कोडं बऱ्याचदा तिथंच सुटतं.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण ५४.२ टक्के होतं, त्याच वयाच्या पुरुषांमध्ये २१.९ टक्के. चूल एकच, धान्य तेच, पाणी तेच. तरी बाप एका बाजूला राहतो आणि आई-मूल दुसऱ्या बाजूला. मुलाची कमतरता पुष्कळदा मुलापाशी सुरू झालेलीच नसते, ती आईकडून आलेली असते. कशी येते, ते पायरीपायरीनं पाहू.

शेवटच्या तीन महिन्यांत भरली जाणारी शिदोरी

लोहाचं काम आपण शाळेत शिकलेलं असतं. तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन लोहापासून बनतं आणि तेच फुप्फुसांतला प्राणवायू अंगभर पोचवतं. गरोदरपणात या लोहाची मागणी एकदम वाढते. आईच्या रक्तातला पातळ भाग जवळजवळ निम्म्यानं वाढतो, तांबड्या पेशी वाढतात पण तेवढ्या नाहीत. म्हणून रक्त थोडं पातळ होतं, आणि म्हणूनच एरवी १२ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन गेलं की कमी म्हणतात, तर गरोदरपणी ११ च्या खाली गेल्यावर.

पूर्ण गरोदरपणाचा हिशेब साधारण १००० मिलिग्रॅम लोहाचा आहे. त्यातलं सुमारे ३०० मिलिग्रॅम बाळ आणि वार यांच्याकडे जातं. सुमारे ५०० मिलिग्रॅम आईच्या वाढलेल्या तांबड्या पेशींत लागतं. उरलेलं रोजच्या झिजेत जातं. भाकरी, डाळ, भाजी यांतून आपल्या आतड्यात शोषलं जाणारं लोह इतकं थोडं असतं, की उत्तम जेवणारी बाईही हा हिशेब केवळ ताटातून पुरा करू शकत नाही. तिला आधीचा साठा लागतो किंवा गोळी लागते. ज्या बाईच्या अंगात लग्नाआधीपासूनच साठा रिकामा आहे, तिला दोन्ही लागतं.

वार आईच्या रक्तातून लोह ओढून बाळाकडे पाठवते. आईकडे कमी असेल तर वार ओढण्याची आपली ताकद वाढवते. यातूनच ‘बाळ आपलं बरोबर घेतं’ हा समज पक्का झाला असावा. तो अर्धाच खरा आहे. ओढायला मुळात काही असावं लागतं. आईची कमतरता तीव्र असेल तर बाळाच्या वाट्यालाही कमीच येतं, आणि जे येतं ते आधी बाळाच्या चालू रक्तासाठी खर्ची पडतं. यकृतातल्या साठ्यासाठी फारसं उरत नाही. म्हणून अशा बाळाचं हिमोग्लोबिन जन्मतः बऱ्यापैकी दिसू शकतं आणि कुणाला शंका येत नाही.

हा साठा म्हणजे आईनं बाळाला बांधून दिलेली शिदोरी. पूर्ण दिवसांचं बाळ वजनाच्या दर किलोमागे साधारण ७५ मिलिग्रॅम लोह घेऊन जन्मतं आणि त्यातलं बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत जमा झालेलं असतं. आठव्या महिन्यातच जन्मलेल्या, जुळ्या किंवा दोन किलोच्या बाळाची शिदोरी त्यामुळं लहानच राहते. एरवी ती चार ते सहा महिने पुरते. पाचव्या महिन्याच्या आसपास बाळाचं वजन जन्माच्या दुप्पट होतं, म्हणजे रक्तही तेवढं वाढवावं लागतं, आणि शिदोरी संपत येते. आजीला चक्रावून टाकणारा तो रिपोर्ट सातव्या-आठव्या महिन्यात येण्याचं कारण हे आहे. घट तेव्हा दिसते, सुरुवात मात्र बाळ पोटात असतानाच झालेली असते.

जन्माच्या क्षणी या शिदोरीत भर घालण्याची एक संधी असते आणि तिला पैसा लागत नाही. बाळ बाहेर आल्यावरही काही वेळ नाळेतून रक्त वाहत असतं. नाळेला लगेच चिमटा न लावता एक ते तीन मिनिटं थांबलं तर वारेतलं सुमारे ८० ते १०० मिलिलिटर रक्त बाळाकडे जातं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं अडीचशे ते तीनशे मिलिलिटर, हे लक्षात घेतलं की ही भर किती मोठी आहे ते कळेल. बाळाला श्वासासाठी तातडीची मदत लागत नसेल तर किमान एक मिनिट थांबावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्रसूतीआधी डॉक्टरांना किंवा सिस्टरना हे विचारून ठेवायला कुणीही संकोचू नये.

दूध काय देतं, काय देत नाही

आईच्या दुधात लोह अगदी थोडं असतं, लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी. ते बाळाला छान पचतं, पण मुळात थोडंच. निसर्गानं पहिल्या सहा महिन्यांची सोय शिदोरीत केलेली आहे. आईनं लोहाच्या कितीही गोळ्या घेतल्या तरी दुधातलं लोह फारसं वाढत नाही. तिनं गोळ्या घ्यायच्या त्या तिच्या स्वतःसाठी.

कॅल्शियमची गोष्ट निराळी. दुधात ते भरपूर असतं आणि आई कमी खात असली तरी दुधातलं प्रमाण टिकून राहतं, कारण शरीर ते तिच्या हाडांतून काढतं. दूध तुटल्यावर हाडं हळूहळू भरून येतात. फोलिक ॲसिडचंही काहीसं असंच आहे. आईचा साठा खाली गेला तरी दूध आपली पातळी राखतं. इथं बाळ सुरक्षित असतं आणि आई झिजते.

तिसरा प्रकार सगळ्यांत काळजीचा आहे. बी१२, अ जीवनसत्त्व, आयोडीन यांचं दुधातलं प्रमाण आईच्या अंगातल्या प्रमाणावर अवलंबून असतं. तिच्यात कमी, तर दुधात कमी, तर बाळात कमी. दोघं एकाच वेळी एकाच कमतरतेत सापडतात.

हे सगळं वाचून आईचं दूधच अपुरं आहे, असा निष्कर्ष कुणी काढू नये. पहिले सहा महिने निव्वळ आईचं दूध याला पर्याय नाही. गायी-म्हशीच्या दुधातही लोह कमीच, शिवाय ते बाळाला नीट शोषता येत नाही. उपाय दूध बदलण्यात नाही, आईचं पोषण भरून काढण्यात आहे.

बी१२ आणि पुण्याजवळची सहा गावं

बी१२ हे जीवनसत्त्व फक्त जिवाणू तयार करतात. झाडपाल्यात ते नसतं. आपल्याला मिळतं ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून. आता शाकाहारी शेतकरी घरातल्या सुनेचं ताट डोळ्यांसमोर आणा. गोठ्यात म्हैस असते, पण दूध डेअरीला जातं. उरलेलं मुलांना आणि म्हाताऱ्यांना. तिच्या वाट्याला चहात पडेल तेवढं. अशा बाईला बी१२ मिळणार कुठून?

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रिया आणि पुढं त्यांची मुलं यांचा अभ्यास सुरू केला. गरोदर होण्याआधी या स्त्रियांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. त्यांची बाळं सरासरी पावणेतीन किलोच्याही किंचित खाली भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केल्यावर एक चकित करणारी गोष्ट समोर आली. आपली बाळं वजनानं कितीतरी कमी, स्नायूंनी बारीक, पोटाचा घेर लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून असलेली. दिसायला हडकुळं, आतून चरबीचं. पुढं मधुमेहाकडे झुकणाऱ्या भारतीय शरीराची घडण पाळण्यातच दिसत होती.

याच अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांमध्ये बी१२ कमी आढळलं. त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा ज्यांच्या आयांचं बी१२ कमी आणि फोलेट (फोलिक ॲसिड) जास्त होतं, त्या मुलांच्या शरीरात इन्सुलिनला सर्वांत कमी दाद मिळत होती. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही. तरी नुसत्या फोलिक ॲसिडवर समाधान मानायचं का, बी१२ ची तपासणी का नाही, हा प्रश्न या आकड्यांनी उभा केला आणि माझ्या मते तो अजून पुरेशा गांभीर्यानं घेतला गेलेला नाही.

त्या गावांतून आणखी दोन साध्या गोष्टी कळल्या. ज्या स्त्रिया गरोदरपणी पालेभाज्या आणि फळं वारंवार खात, त्यांची बाळं जन्मतः मोठी होती. आणि ज्या शेतात आणि घरात अंगमेहनतीची जड कामं करत राहिल्या, त्यांची बाळं लहान होती. ताटाइतकाच विसावाही बाळापर्यंत पोचतो.

बी१२ ची कमतरता तीव्र झाली तर बाळावर काय ओढवतं, हे भारतातल्या बालरोगतज्ज्ञांना अनेक दशकं ठाऊक आहे. सहा महिने ते दीड वर्षाचं, केवळ आईच्या दुधावर असलेलं बाळ. केस विरळ आणि भुरे होतात, कातडी बोटांच्या सांध्यांवर काळवंडते. बसायला लागलेलं बाळ बसेनासं होतं, हसेनासं होतं, आणि मग हातपाय थरथरू लागतात. बाहेरून ते चांगलं बाळसेदार दिसत असतं, म्हणून घरचे गाफील राहतात. बी१२ दिल्यावर सुधारणा होते, पण फार उशीर झाला तर मेंदूच्या वाढीतली काही उणीव राहू शकते. अशा वेळी आईलाही बी१२ द्यावंच लागतं, नाहीतर दूध तसंच राहतं.

मुंबईच्या गिरण्यांत सापडलेलं उत्तर

आज गरोदर बाई जी फोलिक ॲसिडची गोळी सहज गिळते, तिचा उगम मुंबईशी जोडलेला आहे. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधून ती कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा शोध घेत होती. या स्त्रियांच्या तांबड्या पेशी थोड्या पण फुगलेल्या असत आणि पुष्कळशा बाळंतपणात दगावत. हा जंतूंचा आजार असावा अशी शंका होती. विल्सनं त्यांचं खाणं पाहिलं, माकडं आणि उंदरांवर प्रयोग केले आणि दाखवलं, की यीस्टचा स्वस्त अर्क खाऊ घातला की या स्त्रिया बऱ्या होतात. १९३१ मध्ये तिनं हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला, तेच फोलिक ॲसिड.

आईला वाचवायला शोधलेलं औषध बाळालाही वाचवतं, हे मात्र खूप उशिरा कळलं. बाळाच्या मेंदू आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. फोलिक ॲसिड कमी असेल तर ती उघडी राहण्याचा धोका वाढतो. एका मोठ्या चाचणीनं १९९१ मध्ये हे निर्विवाद दाखवलं. या २८ दिवसांत कित्येक स्त्रियांना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. पाळी चुकली, मग दवाखाना, मग गोळी, तोवर नळी मिटून गेलेली असते. म्हणून ही गोळी मूल हवं असं ठरल्यापासूनच घ्यायची असते.

जास्तीचीही देवाणघेवाण होते

आईच्या रक्तात साखर वाढली तर ती वारेतून सरळ बाळाकडे जाते. आईचं इन्सुलिन मात्र पलीकडे जात नाही. बाळाला स्वतःच इन्सुलिन तयार करावं लागतं आणि त्याच्या जोरावर ते फुगत जातं. नाळ कापली की साखरेचा पुरवठा थांबतो, इन्सुलिन तसंच वाहत राहतं, आणि नवजात बाळाची साखर धोकादायक खाली जाते. पुढं आईला मधुमेह होण्याची शक्यता वाढते आणि मुलालाही. लहानपणी उपाशी राहिलेली मुलगी शहरात येऊन वजनदार होते, तेव्हा तिच्या बाबतीत उपासमार आणि सुबत्ता दोन्ही एकत्र येतात. गरोदरपणी साखरेची तपासणी प्रत्येकीनं करून घ्यावी. ‘माझ्या घरात कुणाला नाही’ हे कारण पुरेसं नाही.

एकाच घरातले धोके

जन्मानंतरही दोघांची सोबत सुटत नाही. आई चुलीपुढं बसते तेव्हा बाळ मांडीवर किंवा शेजारी असतं, धूर दोघांच्या छातीत जातो. अनवाणी शेतात आणि अंगणात वावरताना आकडीजंत शिरतात, आतड्याला चिकटून रक्त शोषतात. पाणी दूषित असेल तर जुलाबही दोघांना. सगळ्यांचं झाल्यावर खरवडून जेवायची सवय आईची, पण तान्ह्याचा वाटाही त्याच शेवटच्या भांड्यातून निघतो.

उष्टावण झाल्यावर जे भरवलं जातं तेही इथं सांगायला हवं. सहाव्या महिन्यात शिदोरी संपते तेव्हा बाळाला लोह, प्रथिनं, दाटपणा हवा असतो. मिळतं वरणाचं पाणी, भाताची पेज, चहात बुडवलेलं बिस्कीट. वरणातली डाळ तळाशी राहते आणि पाणी बाळाच्या वाटीत येतं. चहा तर आलेलं लोहही शोषू देत नाही. देशात सहा महिने ते दोन वर्षं वयाच्या मुलांपैकी जेमतेम ११ टक्के मुलांना पुरेसा आहार मिळतो, असं सुरुवातीला सांगितलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं. गुरगुट्या भात आणि घट्ट वरण कुस्करून, वर तूप, जोडीला मऊ शिजवलेली पालेभाजी, चालत असेल त्या घरात अंडं किंवा मासा. एवढं केलं तरी पुष्कळ आहे.

[चौकट]
गोळी घेताना

• गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे ती मोफत मिळते.
• चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नये. मध्ये दोन तासांचं अंतर ठेवावं. लिंबूपाणी, आवळा, पेरू यांनी लोह चांगलं शोषलं जातं.
• मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. शौचाला काळं होतं ते न शोषलेल्या लोहामुळं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.
• गोळीनं बाळ काळं होतं किंवा फार मोठं होऊन बाळंतपण अडतं, हे दोन्ही समज खोटे आहेत.
• सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा, १ मिलिलिटर.
• महिना-दोन महिने नियमित गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तर बी१२, सिकलसेल, थॅलेसेमिया यांची तपासणी करावी. शेवटचे दोन आजार आईबापांकडून जन्मतःच येतात.
• मुलाचं रक्त कमी निघालं तर त्याच दिवशी आईचंही तपासावं.

सुरुवात मुलीपासून

गरोदरपणात सगळं भरून काढू, ही कल्पना अपुरी आहे, हे मुंबईतल्या एका प्रयोगानं स्पष्ट केलं. ‘मुंबई मॅटर्नल न्यूट्रिशन प्रोजेक्ट’मध्ये वस्त्यांमधल्या स्त्रियांना पालेभाजी, फळं आणि दूध यांपासून केलेला खाऊ गर्भधारणेच्या आधीपासून रोज दिला गेला. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तेव्हा बाळांच्या वजनात ठोस फरक आढळला नाही. ज्यांनी दिवस राहण्याआधी किमान तीन महिने तो खाल्ला होता, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमनं वाढलं, आणि खाऊ मिळालेल्या एकूण गटात गरोदरपणातला मधुमेहही जवळपास निम्म्यानं कमी आढळला. सर्वांत बारीक स्त्रियांच्या बाळांना मात्र वजनात फायदा झाला नाही. जिचं शरीर वर्षानुवर्षं रिकामं राहिलं, तिला काही महिन्यांचा खाऊ पुरा पडत नाही, असा मी याचा अर्थ लावतो.

आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना महाराष्ट्रानं २०१५ मध्ये सुरू केली, ते चांगलंच झालं. पण ऊसतोडीला गेलेली बाई सहा महिने अंगणवाडीपासून दूर असते. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली दिसली. सोळा-सतराव्या वर्षी तिचं स्वतःचं शरीर वाढत असतं, पाळीतून दर महिन्याला लोह जात असतं, आणि त्यातच पोटातलं बाळ आपला वाटा मागू लागतं. पहिलं मूल दूध पीत असतानाच दुसऱ्याचे दिवस गेले तर साठा भरायला उसंतच मिळत नाही. दोन बाळंतपणांत पुरेसं अंतर हे म्हणूनच पोषणाचंही साधन आहे, आणि त्याची जबाबदारी नवऱ्यावर तेवढीच आहे.

दहा ते एकोणीस वयाच्या मुलींना आणि मुलांना शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला एक निळी गोळी मिळते, लोह आणि फोलिक ॲसिडची. कित्येक घरांत ती दप्तरात पडून राहते. तुमच्या घरात या वयाची मुलगी असेल तर ती गोळी पोटात जाते का, हे बघा. तिच्या ताटात भावाइतकंच दूध, डाळ आणि अंडं वाढा. तिचं हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या, आणि ते १२ च्या खाली असेल तर उपचार आताच सुरू करा, लग्नानंतर दिवस गेल्यावर नाही.